‘तू फक्त सही कर’ म्हणणाऱ्यांना अर्जापूर्वी द्यायचे उत्तर

पत्र (संक्षेपाने): मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ३३, शिक्षण बी. ए. दहा वर्षांपासून बचत गटाचे काम करते आणि गेली तीन वर्षे गावातल्या गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष आहे. सोडतीत आमच्या गावचे सरपंचपद ओबीसी महिलेसाठी राखीव निघाले. भावकीने बैठक घेऊन माझे नाव पक्के केले. त्या बैठकीला मला बोलावले नव्हते. थोरले दीर म्हणाले, ‘तू फक्त सही कर, बाकीचे आम्ही बघतो.’ यजमान मनाने चांगले आहेत, पण मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, बाई चावडीवर गेली की घराचे नाव जाते. विरोधी पॅनेलच्या मुलांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्ताच माझ्याविषयी वाईटसाईट लिहायला सुरुवात केली आहे. मला काम खरेच करायचे आहे. अशा अटीवर उभे राहावे, की नाही म्हणून मोकळे व्हावे? — एक भगिनी

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगते, कारणे नंतर. तुम्ही उभे राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दिरांनी घातलेल्या अटीवर नव्हे, आणि ती अट बदलून घेण्याची वेळ निवडून आल्यानंतरची नसून उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीची आहे. आज भावकीला तुमची गरज आहे. त्या प्रवर्गातली, शिकलेली आणि गटांमुळे गावातल्या घराघरांत ओळख असलेली उमेदवार त्यांना दुसरीकडे सहज मिळणार नाही, हे ओळखूनच त्यांनी तुमचे नाव पक्के केले आहे. अर्ज छाननीत मंजूर झाला आणि माघारीची मुदत सरली, की तुमच्या शब्दाचे वजन निम्म्याने उतरेल. निकाल लागून गुलाल उधळला गेला, की उरलेले निम्मे मिरवणुकीत दिरांच्या खांद्यावरून निघून जाईल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले: ‘त्या बैठकीला मला बोलावले नव्हते.’ त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखून ठेवणे देशभर बंधनकारक झाले. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. म्हणजे दार उघडून तीन दशके उलटली. तरीही कोणी उभे राहायचे, खर्च कोणी करायचा, उपसरपंच कोणाचा आणि कोणते काम कोणत्या ठेकेदाराला द्यायचे, हे पारावर, हॉटेलात किंवा रात्री कोणाच्या तरी गोठ्यापाशी ठरते, आणि तिथे बाई नसते. आरक्षणाने खुर्ची दिली, पण ज्या बैठकीत निर्णय होतो तिथली सतरंजी दिली नाही. पूर्वी मी नव्या सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरांना जात असे. तिथे हजेरीपत्रकावर पत्नीचे नाव असे आणि बाकावर यजमान बसलेले असत. एकदा तर एका गृहस्थांनी मला अत्यंत नम्रपणे सांगितले, ‘मॅडम गावाकडे आहेत, मीच सरपंच आहे.’ त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, आणि सभागृहातल्या इतर कोणालाही वाटले नाही. ‘सरपंचपती’ हा शब्द आता इतका रुळला आहे, की केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये या प्रथेच्या अभ्यासासाठी समिती नेमावी लागली. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात अशा परस्पर कारभारासाठी कठोर दंडाची शिफारस आहे. शिफारस तुमच्या गावापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर तुम्हाला आपली व्यवस्था आपणच करायची आहे.

‘फक्त सही कर’ या तीन शब्दांचा कायद्याच्या भाषेत काय अर्थ होतो, ते दिरांना नसले तरी तुम्हाला नीट माहीत हवे. ग्रामनिधीतून पैसा निघतो तो सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांच्या संयुक्त सहीने. बहुतेक रकमा हल्ली संगणकावरून जातात आणि सहीच्या जागी डीएससी (डिजिटल सही), म्हणजे गावाच्या भाषेत ‘डोंगल’, लागते. अनेक गावांत हे डोंगल संगणक चालवणाऱ्याच्या खणात असते आणि ओटीपी येतो तो नवऱ्याच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलवर. सरपंचबाई भाकऱ्या थापत असतात आणि त्यांच्या सहीने बिले निघत असतात. उद्या न झालेल्या गटाराचे बिल निघाले, तर चौकशीची नोटीस दिरांच्या नावाने येणार नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनासाठी पदावरून काढले जाते ते सरपंचालाच, रकमेची वसुली आणि फौजदारी तक्रारही तिच्याच नावावर येऊ शकते, आणि ‘मला यातले काही माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही. तुम्ही हा मुद्दा घरात मांडाल तेव्हा तो स्त्रीमुक्तीचा म्हणून मांडू नका; तो ऐकण्याच्या मनःस्थितीत ते नसतील. ‘जेलात जायची वेळ आली तर कोण जाणार?’ असे शांतपणे विचारा. हा प्रश्न भावकीला लगेच कळतो.

त्यानंतर आपले म्हणणे सांगा, आणि शक्यतो यजमानांना शेजारी बसवून, दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या समक्ष सांगा. डोंगल माझ्या कपाटात राहील आणि त्याला माझाच मोबाइल नंबर जोडलेला असेल. कागद वाचल्याशिवाय सही होणार नाही, त्यासाठी एक दिवस लागला तर एक दिवस लागेल. मासिक सभा आणि ग्रामसभा मी चालवीन, घरातला कोणीही पुरुष माझ्या वतीने बोलणार नाही. सल्ला मात्र मी सगळ्यांचा घेईन आणि दिरांचा आधी घेईन. हे शेवटचे वाक्य निव्वळ गोडीसाठी नाही. ज्या माणसाने गावचे राजकारण वीस वर्षे पाहिले आहे, त्याला कोणत्या वस्तीचा कोणाशी वाद आहे आणि तहसीलमधला कोणता कारकून फाइल अडवतो, हे ठाऊक असते. ते ज्ञान वापरावे. घरात सल्ला घेणे आणि घराने कारभार करणे यांतली रेघ आजच ओढून ठेवावी, एवढेच.

आता कागदपत्रांकडे वळते. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मी पाहिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी मतपेटीपाशी हरल्या नाहीत, कागदापाशी हरल्या. जागा ओबीसी महिलेची आहे. जात जन्माने धरली जाते, विवाहाने नाही. त्यामुळे सासरचा दाखला तुमच्या काहीही उपयोगाचा नाही, तो माहेरचाच हवा. ओबीसी प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो: वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुकाचा उतारा, आणि त्यांच्याशी तुमचे नाते जोडणारी वंशावळ. हे सगळे माहेरच्या तालुक्यात, माहेरच्या आडनावाने आहे. मतदार यादीत मात्र तुम्ही सासरच्या नावाने आहात. दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. पुरुष उमेदवाराला यातले निम्मे कष्टही पडत नाहीत, कारण तो जन्मला त्याच घरात, त्याच नावाने राहतो. लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजाची किंमत बायकांना अशी उमेदवारी अर्जाच्या खिडकीवर मोजावी लागते. जात प्रमाणपत्र असले तरी पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र वेगळे लागते. ते हाती नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडावे लागते, आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दाखल झाले नाही तर पद जाते. जिंकूनही घरी बसण्याचा हा सगळ्यात वाईट प्रकार आहे.

दुसरी अडचण अपत्यांची. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आपल्या अपत्यांविषयी तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून आठवण करून देते. या नियमाविषयी माझी नाराजी मी लपवत नाही. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही असे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचे, आणि तिसऱ्या मुलीनंतर अपात्र मात्र जिला कोणी विचारले नव्हते ती बाईही ठरायची, हा न्याय मला कधी पटलेला नाही.

अतिक्रमणाकडे विशेष लक्ष द्या. सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर अतिक्रमण असलेली व्यक्ती सदस्यत्वाला अपात्र ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात महाराष्ट्राच्याच प्रकरणात असे म्हटले, की कुटुंबातल्या इतरांचे अतिक्रमण उमेदवार पुढे वापरत असेल तरी तिचे पद जाऊ शकते. सासऱ्यांनी कधीकाळी रस्त्यात घातलेला ओटा किंवा गायरानात टाकलेले पत्र्याचे शेड यांवर विरोधकांची नजर तुमच्या आधी गेलेली असेल. मात्र हेच हत्यार बाईला हटवण्यासाठी कसे वापरले जाते, तेही पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात निवडून आलेल्या महिला सरपंचावर, ती सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते, असा आरोप करून तिला अपात्र ठरवले गेले. ती सांगत होती की आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो. खालपासून उच्च न्यायालयापर्यंत तिच्या विरोधात निर्णय गेले. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला पदावर परत आणले, आणि एक बाई सरपंच झाली आहे व तिचे निर्णय आपल्याला मानावे लागतील हेच गावकऱ्यांना सोसले नाही, अशा आशयाचे ताशेरे ओढले. दिल्लीपर्यंत लढण्याची तिची चिकाटी मोठीच, पण त्या लढ्यात तिच्या कार्यकाळाची वर्षे खर्ची पडली. म्हणून आपल्या घराचा नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-आकारणी नोंदवहीचा, उतारा आजच काढा, जागेची मोजणी कळत नसेल तर जाणत्याकडून समजून घ्या, आणि काही पुढे आलेले असेल तर अर्जापूर्वी काढून टाकून त्याची लेखी नोंद ठेवा.

पैशाविषयी थोडक्यात, पण स्पष्ट सांगते. पॅनेलचा खर्च कोण करणार हे विचारा. जेवणावळी, गाड्या, शेवटच्या दोन रात्री, हे सगळे जो भागवतो तो पुढची पाच वर्षे रस्त्याच्या आणि पाण्याच्या कामांतून ते वसूल करतो, आणि बाईच्या नावावर स्वतःचे काहीच नसल्यामुळे तिला त्याला नाही म्हणता येत नाही. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनात बायकांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना आपली काही जमीन पत्नीच्या नावे करायला सांगितले, त्यामागे हीच समज होती: सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईचा आवाज घरातही वेगळा लागतो. तुमच्या यजमानांपुढे हा विषय काढायला ही वेळ वाईट नाही. खर्च मात्र तुमच्याच वेगळ्या बँक खात्यातून, पावत्या ठेवून करा. निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो, आणि तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते. हरलेल्या उमेदवारालाही हा नियम लागू आहे, जे पुष्कळांना ठाऊक नसते.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मजकुराने तुम्ही अस्वस्थ आहात, आणि ते स्वाभाविक आहे. पुरुष उमेदवाराला चोर म्हणतात, बाईला चारित्र्यहीन म्हणतात. पहिल्या आरोपाला हिशेब दाखवून उत्तर देता येते, दुसऱ्याला देता येत नाही, म्हणूनच तो केला जातो. ग्रुपवर उत्तर देऊ नका, आणि यजमानांना किंवा दिरांनाही देऊ देऊ नका, कारण हाणामारी झाली तर तुमची उमेदवारी बाजूला राहील आणि भांडण घराण्याचे होईल. प्रत्येक मजकुराची प्रत नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशी जपून ठेवा, मूळ मजकूर फोनमधून पुसू नका. स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे शब्द वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि आचारसंहिता लागल्यानंतरचा मजकूर असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनाही द्या. जाताना ग्रामसंघातल्या दहा जणींना सोबत न्या. दहा बायका एका तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात आल्या, ही बातमी त्या ग्रुपवर तुमच्या कोणत्याही खुलाशापेक्षा लवकर पोहोचेल.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका. त्यांच्या तरुणपणी चावडीवर जाणारी बाई एक तर फिर्यादी असे, नाही तर बदनाम. त्यांना वादात हरवण्यापेक्षा विचारा, की हंडा घेऊन त्यांनी किती वर्षे पाणी भरले आणि ती विहीर कोणाच्या काळात बुजली. बायका राजकारणात बहुधा याच वाटेने आल्या आहेत. मृणाल गोरे यांची ‘पाणीवाली बाई’ ही ओळख गोरेगावच्या नळांपासून सुरू झाली. त्या १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. पती १९५८ मध्येच वारले होते आणि मुलगी लहान होती. पाठीशी भावकी नव्हती, तर चळवळीत सोबत असलेल्या बायका होत्या. तुमच्याकडे ग्रामसंघ आहे, आणि तो तुमच्या भावकीपेक्षा मोठा आहे हे तुम्ही अजून मोजलेले दिसत नाही. कोणत्या गल्लीत किती जणी तुमच्या बाजूच्या आहेत याची वही आजपासून घाला, आणि त्यांतल्या दोघी-तिघींना सदस्यपदासाठी उभे राहायला सांगा, राखीव प्रभागातून जमले तर ठीकच, पण खुल्या प्रभागातूनही. ‘सर्वसाधारण’ जागा म्हणजे पुरुषांची जागा असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे, तिथून बाईला उभे राहण्यास कोणतीही आडकाठी नाही. सभागृहात एकटी बाई असली की तिचे बोलणे सूचना ठरते. सात जणांत चौघी असल्या की त्याचा ठराव होतो.

निवडून आलात तर महिला ग्रामसभा कागदावर उरकू देऊ नका. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी असे कायद्यातच आहे, पण बहुतेक ठिकाणी तिच्या नावाखाली अंगणवाडीत बसून सह्या गोळा केल्या जातात. बायकांना स्वयंपाकाच्या वेळा सोडून दुपारी बोलवा, तिथले ठराव मोठ्या ग्रामसभेत वाचून घ्या. याचा दुसराही उपयोग आहे: थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला तरी त्यावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब करावे लागते, आणि गुप्त मतदानात सुना सासऱ्यांना विचारून शिक्का मारत नाहीत. मुलांची शाळा, जेवणखाण, आजारपण यांचे काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात काढलेला नाही. तो यजमानांसाठी राखून ठेवला असावा असे समजते. त्यांना मोठ्या भावापुढे बोलता येत नसेल, तर निदान मासिक सभेच्या दिवशी मुलांना शाळेतून आणणे जमेल. काही नवरे अशीच सुरुवात करतात.

पाच वर्षांनी चक्रानुक्रमाने आरक्षण फिरेल आणि ‘आता तुमचे झाले, घरी बसा’ असे सांगितले जाईल. त्याच वेळी खरी परीक्षा असते, कारण राखीव जागेपलीकडे पक्ष बायकांना उमेदवारी देताना फार हात आखडतात. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या, महाराष्ट्राच्या ४८ जागांवर ७, आणि या राज्यात आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. विधानसभा आणि लोकसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला आहे. पंचायतीत ज्या बायकांनी स्वतः कारभार केला, त्यांच्याकडेच त्या वेळी पक्षांना दाखवायला काही काम असेल. ज्यांनी फक्त सह्या केल्या, त्यांच्या जागी पुन्हा कोणाची तरी सून किंवा लेक येईल.

भावकीने तुमचे म्हणणे नाकारले तर? तर नाही म्हणा, आणि ते भांडून नव्हे, कारण सांगून म्हणा. ते जाऊबाईंना किंवा आणखी कोणाला उभे करतील, काही महिने घरात अबोला राहील. सरपंचपदासाठी स्वतंत्रपणे अर्ज भरण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, पण घर एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला अशी पहिलीच निवडणूक लढवण्याचा सल्ला मी देणार नाही. ग्रामसंघाच्या बळावर आपल्या प्रभागातून सदस्य म्हणून येणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मला मात्र वाटते की ते ऐकतील. ज्यांना जागा हवी असते ते अटीवर पुष्कळ तडजोड करतात.

या कशाचाही निकाल लागण्याची वाट न पाहता येत्या आठवड्यात माहेरी जाऊन या. वडिलांचा, आणि मिळाला तर आजोबांचा, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी मागा. जुनी रजिस्टरे पुष्कळदा मोडी लिपीत असतात किंवा कपाटाच्या तळाशी असतात, आणि निवडणूक जाहीर झाली की त्या एकाच कपाटापुढे सगळ्या तालुक्याची रांग लागते.